तुझ्या निळ्या वहीतल्या चुका

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकता येतं हो मला अजून. कालच ओल्या दगडावर वाकून मासा पाण्यात सोडला, आणि पुन्हा सरळही झाले.) तुझी तब्येत ठीक असेल असं लिहिणार होते, पण ती मी परवाच येऊन पाहिली. भिंतीकडे तोंड करून निजली होती. दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या भावाला टपालाने पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर त्याचं कारण तूच आहेस. मी दारात पाय ठेवला की तू घोरायला लागतोस. ते घोरणं खोटं आहे, दादा. तुझं खरं घोरणं मला लहानपणापासून पाठ आहे, त्यात मध्येच एक शिट्टी असते. पत्रापुढे घोरून काही उपयोग नाही, म्हणून हे पत्र. वहिनींना नमस्कार सांग, आणि तुझ्या गुडघ्यालाही सांग, कारण सध्या तुमच्या घरात राज्य त्याचंच आहे.

पत्रास कारण आनंदाचं. दादा, मला मासे लागतात! एका महिन्यात अकरा! पहिला लागला तेव्हा मी इतकी जोरात ओरडले की आमचे हे छत्री टाकून पळाले. (त्यांना वाटलं साप.) काठी वाकते, दोरी सर्रकन सुटते, रीळ किरकिरतं, आणि छातीत जे काही होतं ना, ते इतकी वर्षं तू एकट्याने खात बसलास याचा मला भयंकर राग आला आहे. चाळीस वर्षं मला नदीवर नेलंस ते कशाला? डबा सांभाळायला. चार महिन्यांपूर्वी तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि "माझं आता संपलं" म्हणून काठी, रीळ, गळाला बांधायच्या दोऱ्या-पिसांच्या बनावट माश्यांची डबी आणि ती निळी वही वहिनींच्या हाती माझ्या दुकानात पाठवून दिलीस. खरं सांगते, काठीला मी पडदा लावणार होते. पण त्या दुपारी शिवणयंत्राचा पट्टा तुटला, हातांना काही काम नव्हतं, म्हणून वही उघडली आणि चहा गार होईपर्यंत वाचत बसले.

आता महत्त्वाचं. तुझ्या वहीत चुका आहेत. रागावू नकोस, मी अनुभवाने बोलते आहे.

पान तीनवर तू लिहितोस की तळ्याच्या संथ, स्वच्छ पाण्यात माशाला सगळं दिसतं, म्हणून मळखाऊ कपडे घालावेत, ऊन तोंडावर घ्यावं म्हणजे सावली पाण्यावर पडत नाही, आणि काठावर पाऊल मांजरासारखं टाकावं. काही गरज नाही! मी माझा पिवळाधमक रेनकोट घालून गेले (पाऊस नव्हता, पण खिसे मोठे आहेत), सूर्य पाठीशी घेतला, आणि काठावर उभी राहून ह्यांच्याशी घसा खरवडून गप्पा मारल्या. विषय होता आमच्या शेजारणीचा, त्यामुळे आवाज चढलाच. तरी दोन मासे मिळाले. माझ्या मते माशांना माणसांचं बोलणं आवडतं. तू मुखस्तंभासारखा उभा राहायचास, त्यात त्यांनाही कंटाळा येत असेल.

पान सात, वारा. वारा उजव्या खांद्यावरून येत असेल तर दोरी डोक्यावरून फेकू नये, आडवी आणि खालून, तोकडी फेकावी, नाहीतर गळ आपल्याच कानात, असं तू दोनदा अधोरेखित केलं आहेस. मी डोक्यावरून फेकली. कानाला काहीही झालं नाही. फक्त त्याच वेळी मागच्या पुलावरून आपला पोस्टमन सायकलने चालला होता, आणि त्याची टोपी आधी हवेत, मग तळ्यात गेली. (हे पत्र तोच आणून देईल. टोपीला मी ठिगळ लावून दिलं आहे, इतकं बेमालूम की शोधून सापडायचं नाही, तरी तो जरा घुश्शातच असेल.) एक गोष्ट मात्र तू बरोबर लिहिलीस, की वारा किडे-मुंग्या ज्या काठाला लोटतो त्याच काठाला मासे जेवायला जमतात. टोपी तिकडेच गेली, आणि तिच्याभोवती मी सात-आठ मासे मोजले.

मग धरणाखालचा ओढा, म्हणजे तुझं पान अकरा. पाणी धावत असेल तर मासा मोठ्या दगडाच्या आडोशाला दम खात असतो, म्हणून माशी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकावी आणि पाणी नेईल तशी वाहत येऊ द्यावी, दोरीने तिला मुळीच ओढू नये. दादा, तू हे कोणाला सांगतोस? तीस वर्षं कपडे शिवते मी. सैल दोरा माझ्याच्याने बघवतच नाही! मी प्रवाहाच्या खालच्या अंगाला फेकली आणि दोरी अशी ताणून धरली की तिच्यावर ओला टॉवेल वाळत घालता आला असता. गढूळ पाण्याचंही तेच. तू म्हणतोस मोठी, काळीकुट्ट माशी घ्यावी आणि काठालगत सोडावी, कारण तेव्हा मासा काठ सोडत नाही आणि गढुळातही त्याला काळं दिसतं. मी लग्नाच्या एका झग्याच्या उरलेल्या टिकल्या लावून झगमगती पांढरी माशी बनवली आणि मधोमध भिरकावली. आणि उन्हाळ्याच्या दुपारी मासा खोल थंडाव्याला जातो, तेव्हा पहाटे किंवा तिन्हीसांजेला जावं, हे तुझं म्हणणं. मी बाराच्या ठोक्याला गेले, कारण तेव्हाच दुकान बंद असतं.

माश्या बनवण्यात मात्र मी तुझ्यावर वरताण केली आहे, हे तुला मान्य करावंच लागेल. तुझ्या डबीतल्या माश्यांना धड कंबर नाही, एकीचा पंख तर चक्क उसवलेला. मी बटणाचा दोरा, कोटाच्या कॉलरची लव आणि खांद्याच्या पॅडमधला कापूस वापरते. गळवाला (तोच, ज्याच्या दुकानात तू तासन्तास काही न घेता उभा राहायचास) म्हणाला, "ताई, सगळं झकास आहे, पण त्या डोहासाठी तपकिरी लोकर लागते, जुनी, धुऊन धुऊन फिकी झालेली. नवी चालत नाही." आता अशी लोकर आणायची कुठून? बघ, दैव कसं असतं. तुझा तपकिरी स्वेटर कोपराला रफू करायला माझ्याकडेच पडून होता.

त्याबद्दल पुढे लिहीन.

त्या डोहासाठी म्हटलं, म्हणजे कोणत्या ते तू ओळखलं असशील. जुन्या गिरणीमागचा, आडव्या पडलेल्या झाडाखालचा. दादा, हेडमास्तर अजून तिथेच आहेत! ज्या माशाने नऊ वर्षं तुला नाचवलं, तीन गळ तोडून नेले, आणि ज्याच्यापायी तू माझ्या नणंदेच्या लग्नाला चिखलाच्या बुटांनी आलास, ते हेडमास्तर. ओठावरचा तो पांढरा व्रण मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. रोज संध्याकाळी सव्वापाचला वर येतात, शाळा सुटल्यासारखे एक गिरकी घेतात आणि पुन्हा खाली जातात. तर मी ठरवलं आहे की येत्या रविवारी त्यांना काढायचं. तुझ्या त्या नाजूक पद्धतीने नाही हं, नऊ वर्षं जमलं नाही ते आता काय जमणार! गळवाल्याकडून जाळं मागून ठेवलं आहे, पावाचे गोळे करून टाकीन, आणि हे काठीने पाणी ढवळतील. नंतर चिठ्ठीने कळवीनच किती किलो भरले.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुमच्या घरात लहान कोणी नाही, पण सध्या तूच लहानासारखा वागतो आहेस, तेव्हा आशीर्वाद तूच घे.

तुझी
धाकटी (डबा सांभाळणारी)

ता. क. वर चुका म्हणून जे लिहिलं त्यातली पोस्टमनची टोपी तेवढी खरी. बाकी सगळं वहीबरहुकूम केलं, रे. मळखाऊ कपडे घातले, तोंड मिटून ठेवलं (हे म्हणतात, लग्नानंतर पहिल्यांदाच), पहाटे उठले. ओढ्यावर दोरा सैल सोडला, आणि तेवढ्यात पहिला मासा लागला. हात ओले करून त्याला धरलं आणि सोडून दिलं, पान चौदावर आहे तसं. वहीत एकही चूक नाही. मी किती शोधली.

ता. क. दुसरा. हेडमास्तरांच्या डोहात मी अजून एकदाही दोरी टाकलेली नाही, आणि टाकणारही नाही. ते तुझे आहेत. जाळंबिळं काही नाही. वहिनी परवा माझ्या दुकानात येऊन रडल्या. डॉक्टर म्हणतात गुडघा बरा झाला, आता चालला नाहीस तर मात्र कायमचा आखडेल, आणि तू खाटेवरून उठत नाहीस. सडकेपासून डोहापर्यंत एकशे चाळीस पावलं आहेत, मी मोजली. सत्तराव्या पावलावर माझ्या दुकानातलं स्टूल नेऊन ठेवलं आहे. पान अठरावर तू लिहिलं आहेस, पोट भरलेला म्हातारा मासा भुकेने गळाला लागत नाही, तो चिडून लागतो, म्हणून तीच ती माशी त्याच्या नाकासमोरून पुन्हा पुन्हा न्यावी. हे पत्र एवढं लांबलं ते उगाच नाही. रविवारी साडेचारला रिक्षा तुझ्या दारात असेल. डबाही मीच आणीन.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. स्वेटरची डावी बाही कोपरापर्यंतच उरली आहे. तिच्या पाच माश्या झाल्या, पाचही तुझ्या डबीत ठेवल्या आहेत. बाही मी नवी विणून देईन, पण माप लागेल. आणि माप मी गिऱ्हाइकाला उभं करूनच घेते.