गल्लीतलं ते एक मत

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. दादाचा रक्तदाब तेवढा चढलेला आहे, पण निवडणूक झाली की उतरेल असं डॉक्टर म्हणतात. (गेल्या तीन निवडणुका ते हेच म्हणताहेत. माझा त्यांच्यावरही फारसा भरवसा राहिलेला नाही.) तुझा गुडघा कसा आहे?

आधी तुझी माफी मागतो. गेली अकरा वर्षं मला तुझा संशय होता. कशाचा, ते सांगतो.

आपल्या गल्लीचं मतदान शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत होतं आणि दादाचा प्रतिनिधी म्हणून मी तिथे बसतो, हे तुला ठाऊक आहे. (किल्ल्या बनवणारा स्वतःच्या दुकानाला कुलूप लावून निघाला की लोक हसतात. हसोत.) खोलीत शंभरेक मतं. दादाने गल्लीला नळ दिला, दिवे दिले, तेव्हा सगळी त्यालाच पडायला हवीत. पण तो पहिल्यांदा राज्याच्या विधिमंडळात गेला, तेव्हा आपल्या खोलीतलं एक मत विरोधकाला पडलं. दुसऱ्यांदा निवडून आला, तेव्हाही एक. तिसऱ्यांदा दादा पडला, तेव्हाही एकच. (बाकी मतदारसंघाने त्याच्याविरुद्ध भरभरून मतं दिली, पण त्यांचा तपास माझ्याकडे नव्हता.) पुढे तो थेट राष्ट्रीय सभागृहात गेला. पुन्हा एक.

बरं, एवढ्या काळात दादाने दोन पक्ष बदलले. एकदा तर ज्या पक्षाने त्याला पाडलं, त्याच पक्षाचं तिकीट घेऊन उभा राहिला. तरी ते मत आपलं विरुद्धच. म्हणजे ते पक्षाविरुद्ध नव्हतं, माणसाविरुद्ध होतं. आणि एका माणसाविरुद्ध इतकं सातत्य घरचंच कोणीतरी दाखवू शकतं.

आता दादा सिनेटला, म्हणजे देशाच्या वरच्या सभागृहासाठी, उभा आहे. पंधरा दिवसांपूर्वी विरोधकाने सभेत सांगितलं की साहेबांच्या गल्लीतही माझं एक हक्काचं मत आहे. सभा हसली. दादाने मला बोलावून सांगितलं की मतदानाच्या आत माणूस शोध, नाहीतर तो तूच असं मी समजेन आणि तुझ्या दुकानात माझं संपर्क कार्यालय उघडेन. (दुकान त्याच्या घराखालीच, त्यामुळे त्याला नुसतं जिना उतरून यायचं.)

मी कामाला लागलो. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका दादाची फारच स्तुती करतात, म्हणून चार दिवस त्यांच्यावर नजर ठेवली. पाचव्या दिवशी त्यांनीच मला विचारलं की माझ्याकडे काही काम आहे का. शिंप्याने दादाच्या नव्या कोटाची एक बाही आखूड केली होती, हा मला ढळढळीत पुरावा वाटला. पण माझ्या कोटाचीही बाही त्याने आखूडच केली आहे. राहिलीस तू. एका मतासाठी तीनशे किलोमीटर बसने येणारं माणूस सरळ कसं असेल? मग आठवलं, दादा पडला त्या वर्षी तुझा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तू आलीच नव्हतीस. तरी मत होतं. (हे मला आत्ता आठवलं. म्हणून माफी.) शिवाय यंदा तू नाव तिकडच्या यादीत नेलंस.

शेवटी वहिनींकडे गेलो. त्या दादाच्या दौऱ्याची बॅग भरत होत्या. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं की तुम्हाला कोणाचा संशय येतो का. शर्टाची घडी घालता घालता त्या म्हणाल्या, “मीच ते, भाऊजी. पहिल्यापासून.”

मी मटकन खाली बसलो. त्यांनी मला उठायला सांगितलं, कारण मी इस्त्रीच्या कपड्यांवर बसलो होतो. मग म्हणाल्या, “हे पडले होते ती पाच वर्षं आठवतात? रोज घरी जेवायचे. लेकीला सायकल शिकवली. आता सिनेट म्हणजे सहा वर्षं राजधानीत. तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा त्यांना.” आणि मोजे मोजायला लागल्या.

ताई, मला फार वाईट वाटलं. दर निकालाला हार आणून मी त्यांच्याच हातात देत होतो.

तसाच दादाकडे गेलो आणि सांगितलं की ते मत माझं. तो ओरडेल म्हणून दाराजवळच उभा होतो. त्याने चष्मा काढला, डोळे पुसले. म्हणाला, “तुझं होय? सुटलो रे. मला वाटत होतं, तिचं असेल.”

इतकी वर्षं त्याला तीच भीती होती आणि त्याने एकदाही तिला विचारलं नाही. मग त्याने दुकानाच्या किल्ल्या मागून घेतल्या. उद्या मतदान आहे, आणि माझ्या जागी शिंपी बसणार आहे.

घरात सर्वांना ज्याचा त्याचा नमस्कार-आशीर्वाद पोचव.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि निकाल लागला. दादा सिनेटर झाला.

ता. क. २. तुझ्या पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने दार आहे ना? माझं किल्ल्या कापायचं यंत्र शिलाई मशीनएवढ्या जागेत मावतं, आणि आवाज तुला आठवड्याभरात सवयीचा होईल.

ता. क. ३. आपल्या खोलीत यंदा विरुद्ध दोन मतं पडली. एक वहिनींचं. दुसरं माझं, दादाशी खोटं बोललो होतो ते मनाला लागून राहिलं होतं, म्हणून खरं करून टाकलं. एक माझं, हे दादाला माहीत आहे. दुसरं कोणाचं, या विचाराने त्याची झोप उडाली आहे. शपथेला महिना आहे, तोवर राजधानीला जात नाही म्हणतो. दौरे बंद. दोन्ही वेळा घरी जेवतो आणि वहिनींच्या तोंडाकडे बघत बसतो. वहिनी वाढत राहतात. तेव्हा ताई, हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.