परवानगीशिवाय

११ नोव्हेंबर, सोमवार. मलकापूर
सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा. विचारलं, कुणाला दाखवायच्या? "कुणालाच नाही."
 निवासात, म्हणजे माताजींच्या आश्रमात, दर रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून आठवडाभरात मनात काय काय आलं ते सांगायचं. अकरा वर्षं सांगितलं. न दाखवता लिहायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटतंय.
तर चोरी करते. मी मंदा. वय एकोणचाळीस. निवासातून निघून महिना होत आला. दादाच्या घरी आहे. नवरा, मोहन, तिकडेच. आई नाही.

१४ नोव्हें., गुरु.
सकाळी वहिनी : "मंदाताई, भाजी कायची करू? वांगे का मेथी?"
अकरा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.  म्हटलं, तुम्ही ठरवा.
"अवं, निसती भाजी इचारून राह्यली मी. वावर नाई मागतलं."
हसली ती. मी मोरीत जाऊन रडले. भाजीवरून रडले. एवढ्या सत्संगाची ही कमाई.

१५ नोव्हें.
दादाच्या पोरी माझी नक्कल करतात. "आत्या टीव्हीवरच्या बाईसारखी बोलते." निवासात आपली बोली बोलायची नाही, माताजींना ती 'अशुद्ध' वाटायची. मुलींना काय सांगू. हसू देत.

१९ नोव्हें., मंगळ.
दादा माझ्याशी बोलत नाही. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून येतो, जेवतो, टीव्हीकडे बघतो. ताटात मीठ कमी असलं तरी वहिनीला सांगतो, मी शेजारी असले तरी मला मागत नाही.
आज बोलला. भिंतीकडे बघून.
"माय आजारी होती तवा तीनदा आलो मी तुमच्या गेटवर. मलकापूरहून पार सुलतानपूरच्या पुढं. तिसऱ्या खेपेले तुहा नवरा आला बाहेर. म्हणे, मंदाले तुमाले भेटाचं नाही."
मला कुणी सांगितलंच नाही, दादा.
"खोटं नको बोलू."
उठून गेला.
मला तर सांगितलं होतं की घरच्यांनी माझं नाव टाकलं.

२० नोव्हें.
काल लिहायचं राहिलं ते. तिथे माताजी म्हणजेच आई. आपल्या आईला 'देहाची आई' म्हणायचं. आई गेली हे मला चार महिन्यांनी कळलं, तेही प्रवचनात, दाखला म्हणून. "आपल्या एका भगिनीची देहाची आई गेली. पाहा, तिच्या डोळ्यांत पाणी नाही." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.
मी हसले. हसायला शिकवलं होतं.
मोहन पुरुषांच्या बाजूला बसला होता. त्यानं मान खाली घातली. तेव्हा वाटलं, नम्रतेनं.

२८ नोव्हें., गुरु. शेगाव
वहिनी दर्शनाला आली, मला घेऊन. ती रांगेत गेली, मी बाहेर चपलांपाशी. लोक किती साधेपणानं हात जोडतात. माझे हात जोडले गेले नाहीत. देवाचा काही गुन्हा नाही. पण हात जोडले की मागून कुणीतरी ते बघून नोंद करतंय असं वाटतं.
वहिनीनं मला इथं मुद्दाम आणलं होतं हे नंतर कळलं. मॅडमनी दिलेल्या पत्त्यावर, स्टेशनरोडच्या एका लॉजच्या स्वयंपाकघरात नेलं. पुष्पाताई. पन्नाशीच्या. पोळ्या लाटत होत्या. त्याही निवासातल्या, सहा वर्षांपूर्वी निघालेल्या. पाच वर्षं एकाच छताखाली काढूनही मी त्यांना ओळखलं नाही. निवासात त्यांचं नावच घेतलं जात नव्हतं, 'पडलेली' म्हणायचे.
लाटणं न थांबवता म्हणाल्या, "सहा वर्षं झाली मले. अजूनई संडासात जाचं तं कोणाले तरी सांगून जावं वाटते."
मी हसले. यावेळी खरंच.
"रविवारी ये. वर गच्चीवर बसतो आमी चारपाचजणी. बोललंच पायजे असं नाई."

६ डिसें., शुक्र.
मॅडमकडे गेले होते. "राग येऊ द्या, मंदाताई." येऊ द्या म्हणे! तो काय परवानगीसाठी दाराशी थांबलाय? रोज येतो. भांडी घासताना येतो. मोहनवर येतो, माताजींवर येतो, आणि सगळ्यात जास्त त्या बायांवर, ज्या माझ्याशेजारी बसून तशाच हसायच्या.
मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या. निवासात औषध म्हणजे अश्रद्धा. पहिली गोळी घेतली तेव्हा दार लावून घेतलं. कशाला, माहीत नाही.

१५ डिसें., रवि.
आले.
मोहन आणि आणखी दोघं. पांढरे सदरे, हातात नारळ. वहिनीनं चहा ठेवला तर "बाहेरचं घेत नाही" म्हणे. बहिणीच्या घरी आल्यासारखे बसले मात्र.
मोहन : "माताजींनी तुला क्षमा केली आहे."
आणि माझ्या तोंडून निघालं, "मी मागतली कवा?"
अकरा वर्षांनी माझी बोली माझ्या तोंडात आली. पोरी दारात उभ्या होत्या, त्याही चमकल्या.
मोहन समजावणीच्या सुरात बोलत राहिला. संसार, माया, मनाचा विकार.  दादा खुर्चीतून मध्येच : "मोहनराव, एक सांगा. माय आजारी होती, मी तीनदा आलतो. तुमी इले सांगतलं का?"
मोहन : "तशी आज्ञा नव्हती."
किती सहज म्हणाला. लाजून नाही, घाबरून नाही. पाण्याचा नळ बंद होता म्हणावं तसं.
दादा उठला. आवाज चढवला नाही. "चाला. निंघा. नारळ घेऊन जा."

त्याच दिवशी, पुढं
ते गेल्यावर दादा माझ्यापाशी येऊन बसला. म्हणाला, इचार काय इचाराचं ते.
आईचं शेवटचं विचारलं. वाटलं होतं, माझं नाव घेत गेली असं काही सांगेल.
"तुले शिव्या देत देत गेली, मंदे. मले म्हणे, ते आली तं घरात नको घेऊ."
"मंग काऊन घेतलं?"
"माह्यं घर हाय."
खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. नाही. असंच बरं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरं ते खरं म्हणून दिलं, वर प्रवचन न लावता. आई रागात गेली. तो राग माझा आहे, मी तो ठेवून घेते. माताजींनी तोही घेतला असता.

२२ डिसें., रवि. शेगाव
गच्ची. पाचजणी. शेंगा फोडत बसलो. रविवारची तीच वेळ, तिकडे आता कबुली चालू असेल. मी आपोआप उभी राहिले बोलायला. पुष्पाताईनं पदर ओढून खाली बसवलं. "बस वं. इथं कोणी मार्कं देत नाही."
बोलले नाही. कुणी विचारलं नाही. परतीच्या पॅसेंजरमध्ये झोप लागली, नांदुऱ्याला जाग आली. दिवसा झोप! तिकडे यासाठी शिक्षा होती.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
वहिनीकडे हळदीकुंकू. माझ्या गळ्यात काही नाही; निवासात जातानाच काढून घेतलं होतं, 'बंधन' म्हणून. समोरच्या काकूंचा हात कुंकवाच्या डबीवर थांबला. "यायले लावाचं का? म्हणजे... हायेत ना ते?"
वहिनी : "हायेत. असून नसल्यासारखे. लावा."
बायका हसल्या. मीही. नंतर आरशात पाहिलं तर कुंकू वाकडं लागलं होतं. पुसावं का ठेवावं, या विचारात किती वेळ उभी राहिले. मग ठेवलं. मोहनसाठी नाही. वहिनी बोलली म्हणून.

२५ जाने., शनि.
वाईट दिवस. सकाळपासून त्यांचं भजन डोक्यात. चाल गोड आहे, हेच वाईट. गुणगुणत होते, वहिनीच्या धाकटीनं ऐकून पाठ केलं. तिच्या तोंडून ऐकल्यावर तिच्यावर ओरडले. पोर रडली. दादा तिला घेऊन कापूस बाजारातल्या गाड्या दाखवायला गेला.
गोळ्या वाढवायच्या का, मॅडमना विचारणे.

२ फेब्रु., रवि.
गच्चीवर बोलले. आईचं, प्रवचनाचं, हसण्याचं. कुणी 'अरेरे' केलं नाही. एकीनं फक्त सांगितलं, "त्या दिवशी मी तुह्या मागच्या रांगेत होती. मी पण पाह्यलं तुह्याकडं."
तिच्यावर राग धरून होते दोन महिने, नाव माहीत नसताना. ही होती तर. शेंगा देत होती मला.
माफ केलं वगैरे नाही. पण शेंगा घेतल्या.

९ फेब्रु., रवि.
आज शेगावला गेले नाही, पोरींना ताप. दुपारी अनोळखी नंबर. मोहन. सुलतानपूरच्या बसस्टँडवरून, चहावाल्याच्या फोनवरून.
"मी निघून आलो. न विचारता."
 पहिला विचार : पाठवलाय. दुसरा : पाठवला असता तर आवाज एवढा बारीक नसता.
"मंदा, कुठं जाऊ?"
आनंद झाला नाही. संताप झाला. आज्ञा नव्हती म्हणणारा माणूस, आणि आता आज्ञा माझ्याकडे मागतो! मनात आलं सांगावं, तिथंच बस. रात्रीपर्यंत बस. माझी माय बसली होती तशी वाट बघत बस.
दादाला सांगितलं. "माह्या दारात नको," म्हणाला. थोड्या वेळानं : "पाणी गिणी पेला का तो, इचारलं का?"
विचारलं नव्हतं.
परत फोन लावला. चहावाल्यानं त्याला हाक मारून बोलावलं, म्हणजे तिथंच उभा होता. सांगितलं, मेहकर, तिथून खामगाव, तिथून शेगाव. मलकापूरला यायचं नाही. म्हणाला, "तू येशील शेगावला?" चहावाला फोन मागत होता, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.
पुष्पाताईला कळवलं. "येऊ दे. जेवू घालू, मंग पाहू. पण मी वयखू कशी त्याले?"
सांगायला लागले. आणि थांबले. उंची मध्यम, पांढरा सदरा, बारीक कापलेले केस. तिथले सगळे असेच. अठरा वर्षं लग्नाला, आणि त्याचं त्याचं असं काही सांगता येईना.
"शेगावात पांढरे सदरेवाले शंभर उतरतात वं, मंदा."
म्हटलं, जो उतरून तिथंच उभा राहील, आता कुठं वळू कळत नसल्यासारखा, तो.
 ताई म्हणाली, "तसे पण लय असतात."
शेगावला संध्याकाळची गाडी आहे. दादानं मोटारसायकल बाहेर काढून ठेवली आहे. मी अजून उठलेली नाही.