ढवळीला बरं नव्हतं

आजी,

परवा पित्रांच्या जेवणाला बाबांनी तुझी ती गोष्ट पुन्हा सांगितली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की घरात तुझी आता ही एकच गोष्ट उरली आहे. ‘दुष्काळात विहीर तळाला गेली, कडबा संपला, तेव्हा आमच्या आईनं दोन बैल आणि ढवळी गाय घेऊन पैठण रस्त्यावरच्या गुरांच्या छावणीत उन्हाळा काढला, पाचटाच्या खोपीत हाल सोसले, पण जनावरं जगवली.’ इथं आई डोळ्यांना पदर लावते. माझा मुलगा, ज्यानं तुला पाहिलेलंही नाही, मोबाइल खाली ठेवतो. मी तेवढ्यात कोणाला काय हवं ते बघायला उठते.

बाबा खोटं सांगत नाहीत. जनावरांबरोबर घरटी एक माणूस लागायचं. बाबा चितेगावच्या कारखान्यात पाळीवर, आजोबा रोजगार हमीच्या कामावर, आईच्या कडेवर धाकटा. उरलीस तू. निघताना सगळे रडले आणि तू रडली नाहीस, त्याचं गावात कौतुक झालं. ‘म्हातारी लई खंबीर हाय.’ तू तेव्हा म्हातारी नव्हतीस. आज माझं जे वय आहे त्याहून तू लहानच असशील.

रविवारी बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून तुझ्याकडे न्यायचे. मागं भाकरीचं गाठोडं. माळावर लांबच लांब खोपी, मधे उसाच्या वाढ्याचे ढीग, टँकरपाशी रांग आणि सगळीकडे शेणाचा वास. पहिल्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. तू खोपीच्या सावलीत गोणपाटावर पाय लांब सोडून झोपली होतीस. तोंड थोडं उघडं. बाबा घाबरले. ‘आई, ताप आला का?’ म्हणत त्यांनी तुझ्या कपाळाला हात लावला. तू उठून बसलीस, पदर सावरलास आणि म्हणालीस, ‘नाय रे, जरा डोळा लागला.’ दिवसा तुला आडवं झालेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. घरात तू सर्वांच्या आधी उठायचीस आणि सर्वांनंतर निजायचीस, त्यामुळं तू झोपतेस हेच मुळी मला ठाऊक नव्हतं.

शेजारच्या खोपीत एक म्हशीवाली होती. माहेर खुलताबादचं, म्हैस एकच, पण बोलणं दहा म्हशी असल्यासारखं. तू तिला खाला म्हणायचीस, ती तुला अम्मा. सकाळी शेण उचललं, वाढं टाकलं, पाणी दाखवलं की तुम्ही दोघी मोकळ्या. मग फरशीच्या तुकड्यावर कोळशानं चल्लसचा पट आखायचा आणि फासे म्हणून चिंचोके फेकायचे. तिची सोंगटी मारलीस की तू हसायचीस, अगदी मांडीवर थाप मारून. ‘अम्मा, तुम बहोत चालबाज है,’ ती म्हणायची. तू म्हणायचीस, ‘व्हय, पण हे आमच्या घरी कुणाला ठावं नाय.’

वांग्याचंही तिथंच कळलं. आईनं खास तुझ्यासाठी वांग्याची भाजी दिली होती. तू ती अख्खी तिच्याकडे सरकवलीस आणि तिच्या लसणाच्या चटणीशी भाकरी खाल्लीस. मी म्हटलं, ‘आजी, तुला तर वांगं आवडतं.’ तू म्हणालीस, ‘कुणी सांगितलं? सगळ्यांचं झाल्यावर जे उरतं ते म्या खाती. उरतं वांगं.’ आणि पुन्हा चिंचोके फेकलेस. ताटात आजही पहिलं वांगं तुझ्या नावानं पडतं, पित्रांच्या दिवशी तर हमखास. कावळाही ते शेवटी खातो.

एका रविवारी मी हट्ट धरला, ‘आजी, घरी चल ना, तुझ्याशिवाय करमत नाही.’ मला वाटलं होतं तू जवळ घेशील. तू वैतागलीस. ‘काय जीव खाती गं? चार दिस बसू दे की मला.’ मी रडले. परत निघताना तू माझ्या फ्रॉकच्या खिशात मूठभर चिंचोके घातलेस.

मग पाऊस पडला, चांगला दोन दिवस. माळावर माणसं जनावरं न्यायला लोटली, दावी सुटायला लागली, खोपी मोडायला लागल्या. बाबा मलाही घेऊन गेले. आता तू आनंदानं निघशील अशी त्यांची खात्री होती. तू ढवळीजवळ उभी होतीस. म्हणालीस, ‘बैल न्या. ढवळीला बरं नाय. तीन दिसापून खाईना. वाटंत बसली तर काय करतूस?’ तू हे म्हणत होतीस तेव्हा ढवळी तुझ्यामागं वाढं खात होती, तोंडाला फेस येईतो. बाबा बैलांचं दावं सोडत होते, त्यांची पाठ होती. मी ढवळीकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. तू माझ्याकडे पाहिलंस. पलीकडे खाला पदरात तोंड घालून बसली होती. बाबा म्हणाले, ‘बरं, मग राहा आणखी थोडे दिवस. हाल होत्यात तुझे, पण काय इलाज?’ तू मान हलवलीस.

तुझ्यावर मला इतका जीव त्याआधी कधी आला नव्हता. आपल्या आजीलाही काही हवं असतं, आणि त्यासाठी ती सरळ तोंडावर थाप मारू शकते, याचं मला फार सुख वाटलं. मी कुणाला सांगितलं नाही. सायकलवर बाबा पावसाबद्दल बोलत होते आणि मी खिशातल्या खिशात चिंचोके चाळवत होते.

शेवटी सगळ्या माळावर तुमच्या दोघींच्या दोनच खोपी राहिल्या. मग म्हशीवालीचा नवरा तिला न्यायला आला, आणि दुसऱ्या दिवशी ढवळीला बरं वाटलं. तू घरी आलीस, हातपाय धुतलेस आणि चुलीपुढं बसलीस.

पुढं आपण शेत विकून शहरात आलो. त्या माळावर आता गोदामं आणि रो-हाउसेस आहेत. फ्लॅटमध्ये तू फार बोलायची नाहीस. एकदा मात्र तू गॅलरीतल्या फरशीवर खडूनं पट आखलास आणि मला हाक मारलीस. मी सरळ हरले. तू म्हणालीस, ‘तुला काय येत नाय. खाला पायजेल होती.’ थोड्या वेळानं विचारलंस, ‘तिची म्हैस व्याली असंल का गं?’ तू खडू पुसून टाकलास. त्याच हिवाळ्यात तू गेलीस, आणि बाबांनी छावणीची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

ती खरी सांगावी असं परवा पुन्हा मनात आलं. बाबा थकलेत आता. आईनं आपल्यासाठी हाल काढले, या एका गोष्टीवर ते उभे आहेत. तुझे ते दिवस सुखाचे होते असं म्हटलं की घरातल्या बाकीच्या दिवसांचं काय, हे त्यांना स्वतःलाच विचारावं लागेल, आणि ते विचारतील. म्हणून हे पत्र लिहून झालं की मी फाडून टाकणार आहे. तुला पाठवायचं तरी कुठल्या पत्त्यावर?

पण एक तुला सांगते. बँकेनं माझी बदली कोल्हापूरला केली, त्याला दीड वर्ष झालं; घरचे सगळे संभाजीनगरलाच. एक खोली आहे, एक खिडकी. नळाला रोज पाणी येतं. तिकडे पाणी कधी सुटणार, टाकी कुणी भरायची, हे सगळं माझ्याच डोक्यात असायचं. इथं मी दुपारी झोपते, रविवारी. मागच्या आठवड्यात साहेब म्हणाले, ‘मॅडम, संभाजीनगरला जागा झालीय. नाव पाठवू?’ मी म्हटलं, ‘राहू द्या, पुढच्या वेळी बघू.’ रात्री सासूबाईंचा फोन आला, ‘कधी सोडणार गं तुला? लई हाल होत्यात तुझे.’ मी म्हटलं, ‘काय करणार, साहेब सोडत नाहीत.’

ढवळी मजेत खातेय, आजी.