कासेलचा साबण

पिर्ना, २० सप्टेंबर १९८९

ती. रोस्विताताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. नेहमीप्रमाणे सरकारी हातांनी उघडून, चाचपून, वेडंवाकडं परत बांधलेलं. पण कॉफी, बदाम, बेदाणे आणि तुझा तो गुलाबी साबण, सगळं शाबूत होतं. आईने कॉफीचं पाकीट नुसतं हुंगून वर ठेवून दिलं. रविवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद आहे. कुणी म्हणजे मी, कारण घरात तिसरं माणूस नाही.

बदामांचंही तेच. नाताळचे केक आई दोन करते, हे तुला ठाऊक नसेल. बदाम सगळे तुझ्या केकात, आणि तो पोस्टाने कासेलला. आमच्या केकात जर्दाळूच्या बिया. म्हणजे तुझे बदाम सीमा ओलांडून येतात, आमची भट्टी बघतात आणि तुझ्याकडे परत जातात. मी आपली पीठ मळायची धनी. रोजचं सूप मी करायचं, गुडघ्याला तेल मी चोळायचं, आणि पाहुणे आले की आई वर्णन करणार तुझ्या पडद्यांचं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

आमच्या शर्टांच्या कारखान्यातल्या दोघी सुट्टीला म्हणून हंगेरीला गेल्या. तिथे सीमेवरचं कुंपण उघडलं आणि त्या तशाच तुमच्या पश्चिम जर्मनीत पसार झाल्या. त्यांची शिलाई यंत्रं झाकून ठेवली आहेत. आईने हे ऐकलं आणि आता सगळ्यांनाच सोडतील का, असं विचारलं. त्या रात्रीचं सूप माझ्या हातून खारट झालं. कशाने, ते तू ओळखशील.

ओटमार भावजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ट्राउडल

कासेल, १४ नोव्हेंबर १९८९

चि. ट्राउडल,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला कारण मी रागावले होते. पण गेल्या गुरुवारी बर्लिनची भिंत उघडली आणि मी टीव्हीसमोर बसून इतकी रडले की राग कुठे गेला कळलं नाही. तुमच्या खोऱ्यात आमचा टीव्ही दिसत नाही म्हणून सांगते, लोक भिंतीवर चढून नाचत होते. रशिया आणि अमेरिकेने पाव मोडावा तसा हा मुलूख मोडून घेतला होता. तुकडे परत जुळतील असं मला कधी वाटलं नव्हतं. ओटमार म्हणतात, बुडापेस्ट झालं, आता प्राग, मग सगळीकडेच दारं उघडणार.

तू बदाम मोजतेस, तर माझंही ऐक. आई म्हातारी म्हणून तुमच्या सरकारने तिला केव्हाच मोकळं सोडलं होतं. दर उन्हाळ्यात ती माझ्याकडे यायची. कायमची राहिली असती तर त्यांची पेन्शनच वाचली असती, कुणी अडवलं नसतं. पण थोडे दिवस झाले की हिची बॅग दाराशी. ट्राउडलला एकटीला करमत नाही, ट्राउडल धड जेवत नाही. दार सताड उघडं असताना ती दर वेळी तुझ्याकडे परत गेली. बाबा गेले तेव्हा मला यायची परवानगी नाकारली, त्यानंतर मी अर्जच केला नाही. तू मात्र रोज सकाळी उठून तिचं तोंड बघतेस. तुला माझ्या पडद्यांचा हेवा वाटतो ना? पडदे घेऊन जा बाई, आई मला दे.

थट्टा नाही. खालची खोली रिकामी केली आहे. नाताळात गाडी घेऊन येते आणि आईला कायमची नेते. तुझं झालं आता, माझी पाळी.

प्रकृतीस जप, आणि माझ्यावरचा जीव आहे तेवढा राहू दे.
तुझी,
रोस्विता

पिर्ना, २६ नोव्हेंबर १९८९

ती. रोस्विताताईस,
सा. न. वि. वि.

ये. घर तुझंही आहे. आईला विचारलं तर ती म्हणाली, बघू. तिच्या बघूचा अर्थ मला या वयातही लागलेला नाही. तेव्हापासून ती खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या बघते. अजून महिना आहे हे सांगून उपयोग नाही.

मीही कासेलला यावं असं भावजींनी तुझ्या पत्राखाली लिहिलं आहे. त्यांचे आभार, पण मी येणार नाही. तुझ्या घरात बसून आईने तुझं कौतुक केलेलं ऐकायचं, एवढं मोठं मन देवाने मला दिलेलं नाही. ती गेली तर सूप कुणासाठी करायचं, हा माझा प्रश्न आहे आणि मी तो माझ्यापाशी ठेवते.

थोरलेपण सांभाळ, धाकटीला दूर लोटू नकोस.
तुझी,
ट्राउडल

कासेल, ४ जानेवारी १९९०

चि. ट्राउडल,
आशीर्वाद. वि. वि.

डोकं दुखतंय असं सांगून मी नाताळात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी निघाले, हे तुम्हा दोघींना पटलं नसणार. खरं ते लिहिते. आईचे कपडे भरायला मी तिचं कपाट उघडलं. चादरींच्या घडीघडीत माझे साबण. मी पाठवलेले, वर्षानुवर्षांचे, वेष्टनसुद्धा न काढलेले. खालच्यांना तर वाळून चिरा पडल्या होत्या. मी दुकानात उभी राहून वास घेऊन एकेक निवडत होते, आणि तुम्ही ते अडगळीत टाकल्यासारखे कोंबून ठेवलेत. माझ्या हातचं काही नको होतं, तर एकदा तरी लिहायचं. जिला माझा साबण अंगाला लागलेला चालत नाही तिला माझ्या घरी कशाला न्यायचं? म्हणून रिकामी गाडी घेऊन परत आले.

आईला यातलं बोलू नकोस.
रोस्विता

पिर्ना, १२ जानेवारी १९९०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीस वर्षं तिकडे राहून तू पार पाहुणी झालीस. अगं, तिकडून आलेल्या साबणाने इथे कुणी हात धुतं का? शेजारच्या लीबशरबाईंचं कपाट उघड, आमच्या वरच्या मजल्यावरच्यांचं उघड, जिचं कुणी तिकडे आहे तिच्या चादरींत साबण सापडेल. वापरला तर महिनाभरात संपतो. कपाटात ठेवला तर वर्षभर वास राहतो.

आणि आता माझं ऐक. मला त्या साबणाचा मनापासून राग होता. आई चादर काढायची ती आधी तोंडाशी धरायची आणि मग पलंगावर घालायची. मी तापाने फणफणले होते तेव्हाही मला तुझ्या वासाच्या चादरीत झोपवलं. मी समोर जिवंत उभी आणि म्हातारी घडीतल्या रोस्विताला हुंगतेय. एकदा सगळे साबण एल्बे नदीत टाकून यावेसे वाटले होते.

आईला तू बोलू नकोस म्हणालीस, मी बोलले. सकाळी बघते तर कपाटातून साबण काढून मोरीवर ठेवलेला आणि बाई कोपरापर्यंत फेस करून हात धुताहेत. म्हणाली, रोस्विता आता स्वतः येते-जाते, वास कशाला साठवायचा. ईस्टरला तुझ्याकडे येईन म्हणते. परत येणार का, ते मी विचारलं नाही. तूही मला कळवायची घाई करू नकोस.

राग धुऊन टाक, साबण भरपूर आहे.
तुझी,
ट्राउडल

कासेल, २० एप्रिल १९९०

चि. ट्राउडल,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आई सुखरूप पोचली. खोली आवडली, पडद्यांना हात लावून पाहिला. तुमचा कारखाना बंद होणार असं तिच्याकडून कळलं. ते तू मला लिहिलं नाहीस, याचा हिशेब भेटीत करू.

आता घडलेलं सांगते. तिच्या बॅगेत तळाशी तुझा स्वयंपाकातला निळा एप्रन निघाला, पुढे सुपाचे डाग, खिशाला चिकटलेलं पीठ. प्रवासात चुकून आला असेल असं समजून मी तो यंत्रात टाकला, वर चांगला सुवासिक साबण घालून. दोरीवर वाळत घातलेला आईने पाहिला. जवळ गेली, तोंडाशी धरला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला धरला.

मग ओटमारनी तिच्याकडून खरं कारण काढून घेतलं. दर उन्हाळ्यात ती तुझा एक एप्रन आणायची आणि उशीखाली ठेवून झोपायची. इतकी वर्षं, माझ्याच घरात. मी आईला म्हटलं, आता सीमा उघडली, साबण तर तू वापरायला काढलास, मग हा कशाला? तर म्हणाली, रोस्विता येते. ट्राउडल कुठे येते?

मला इतका जळफळाट झाला की स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरत बसले, म्हणजे रडायला निमित्त. ती इथे सप्टेंबरपर्यंत राहणार आणि मग केकाच्या तयारीला पिर्नाला जाणार, असं तिने आम्हाला न विचारताच ठरवलं आहे. यंदा बदाम दोन्ही केकांत पडतील, ते मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

पण रात्री तिला झोप लागत नाही. तेव्हा दुसरा एप्रन पाठव, न धुता. नाहीतर तो बांधून तूच ये.

वाट बघते आहे, आणि हे आईच्या वतीने नाही.
तुझी,
रोस्विता