कन्यादानापुरता गुडघा

९ फेब्रुवारी २००३, रविवार

भाग्यश्रीची सुपारी फुटली. लग्न ११ मेला. मुलगा सिन्नरला बँकेत आहे, चहासुद्धा आवाज न करता पितो. सगळं छान झालं. फक्त जेवताना सगळे खाली पाटावर आणि मी एकटा वर खुर्चीवर, डावा पाय काठीसारखा पुढे काढून. व्याह्यांनी पायाकडे पाहिलं आणि वरणाचं कौतुक केलं.

वाळू मात्र बोललाच. वाळू म्हणजे माझा धाकटा भाऊ. बायको चतुरासह मखमलाबादला फुलशेती करतो आणि न मागता मदत करतो. म्हणाला, दादा, तू टेन्शन घेऊ नको, कन्यादानाला मी आणि चतुरा बसतो, तू शेजारी खुर्ची टाकून निवांत बस.

निवांत म्हणे! मुलगी माझी, आणि तिचा हात दुसऱ्याच्या हातात देणार हा?

निश्चय: ११ मेला पाटावर मांडी घालून मीच बसणार.

११ फेब्रुवारी

डिसेंबरात ओझरहून ड्यूटी करून येताना कुंभमेळ्यासाठी खणलेल्या रस्त्यात स्कूटर पडली. मी पडलो नाही, मी फक्त तिच्यावर होतो. डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन, तार, प्लास्टर. प्लास्टर निघालं, पण गुडघा वळायलाच तयार नाही. डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. मला वाटलं तेल लावून चोळतील.

आज गेलो. संजना मॅडम म्हणून आहेत. वय भाग्यश्रीएवढं असेल. मला काका म्हणतात. गुडघ्याला प्लास्टिकचा कोनमापक लावून म्हणाल्या, पन्नास अंश वळतो. मी कारखान्यात बावीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे, विमानाचे सुटे भाग मोजून पास-नापास करतो. तसल्या खेळण्यावर माझा विश्वास नाही. उद्यापासून स्वतःचा स्टीलचा कोनमापक नेणार.

मग त्यांनी विचारलं, काका, तुम्हाला काय करायचंय? मी म्हणालो, एकशे तीस अंश. त्या म्हणाल्या, ते गुडघ्याचं झालं, तुमचं काय? मला प्रश्नच कळला नाही. कन्यादानाचं सांगितलं तेव्हा एकदम खूश झाल्या आणि फळ्यावर चार चौकोन काढले. एक, वाटी फुटली. दोन, त्यामुळे गुडघा आखडला आणि मांडीतली ताकद गेली. तीन, त्यामुळे खाली बसता-उठता येत नाही. चार, त्यामुळे कन्यादान करता येत नाही. चारही गोष्टी वेगळ्या, म्हणाल्या. आणि शेवटची अडचण दर वेळी पायातच असते असं नाही, कधी ती पाटातही असते. सगळ्यांनीच खुर्च्यांवर बसून विधी केले तर?

पाटाचा काय दोष! कॉलेजात हल्ली काय शिकवतात कोण जाणे. दुसरा चौकोन दुरुस्त केला की पुढचे आपोआप दुरुस्त होतात, हे मी हेल्परलासुद्धा समजावू शकतो.

२० फेब्रुवारी

व्यायाम दोन प्रकारचे दिलेत. एक वाकवण्याचा: पालथं झोपून पायाला टॉवेल अडकवायचा आणि टाच ओढायची. हा बरा आहे. रोज किती वाकलं ते कळतं.

दुसरा ताकदीचा: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती दाबायची. बस्स. काही हलत नाही, काही दिसत नाही. ज्याचं माप घेता येत नाही ते काम मी आयुष्यात पास केलेलं नाही. तरी बायकोच्या समाधानासाठी दोनदा दाबली.

मॅडमनी वहीत लिहायला सांगितलंय. ‘टॉवेल: नियमित’ असं लिहिलं.

६ मार्च

माझ्या शेजारच्या पलंगावर ठमाबाई म्हणून इगतपुरीकडच्या आजी असतात. खुबा मोडला होता. त्यांना म्हणे पावसाळ्यात भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, जायचंय. दिवसभर ती गुंडाळी दाबतात, नाहीतर स्टुलावरून हात न लावता ऊठबस करतात. प्रगती शून्य. माझे ऐंशी अंश झाले. (मॅडमच्या मापाने बहात्तर.)

आज आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, लय वाकवू राहिला भाऊ, पण उठतो का नाय? मी हसून सोडून दिलं. मला उठायचं नाहीये, बसायचंय.

२३ मार्च

वाळू येऊन गेला. पिशवीत नवं सोवळं, केशरी काठाचं. म्हणाला, असू द्यावं म्हणून घेतलं, वेळेला धावपळ नको. चतुराने त्यावर शोभेलशी साडीही घेतलीय. बायको म्हणाली, बरं केलंत भावोजी.

तो गेल्यावर टॉवेल दुप्पट ओढला.

२६ मार्च

गुडघा सुजून भोपळा झालाय. मॅडम पहिल्यांदाच चिडल्या. दुखणं आणि ताणणं यांतला फरक कळत नाही का, म्हणाल्या. पाच दिवस ओढणं बंद, बर्फ आणि फक्त गुंडाळी.

पाच दिवस फुकट. गुंडाळी ठेवली आणि पेपर वाचला.

१२ एप्रिल

एकशे पाच. एक महिना राहिला. रात्री स्वप्नात गुरुजी माझं नाव पुकारतात आणि वाळू पाटावर बसतो. जागा झालो की आधी गुडघा वाकवून बघतो.

मॅडमनी स्टुलावरून एका पायावर जोर देऊन उठायला सांगितलं. डावा पाय लटपटला. उन्हाने होतं तसं. मी म्हणालो, मॅडम, एवढे शेवटचे अंश मिळवून द्या, ताकदीचं लग्नानंतर बघू. त्या म्हणाल्या, काका, लग्नात तुम्ही गुडघा पाठवणार आहात की स्वतः जाणार आहात?

उद्धटपणा आहे, पण मुलगी हुशार आहे.

२४ एप्रिल

भाग्यश्री मला सोडायला आली आणि मॅडमशी कोपऱ्यात बराच वेळ बोलत बसली. काय बोलतेस विचारलं तर म्हणाली, साडीचं. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

घरी येताना म्हणाली, अण्णा, तुम्ही खुर्चीवर बसलात तरी माझं कन्यादान तुम्हीच कराल. मी म्हणालो, तू साड्यांचं बघ. तिचा चेहरा उतरला. उगाच बोललो. पण वेळच तशी आहे.

८ मे

झालं! बायको बाजारात गेली असताना खिडकीखाली पाट मांडला आणि मांडी घातली. पूर्ण मांडी! डोळ्यांतून पाणी आलं, थोडं दुखण्याचं, बाकी आनंदाचं. कोनमापक लावला: एकशे एकोणतीस. तीस लिहितो.

उठताना खिडकीचा गज धरला. तो हाताशी होता म्हणून धरला, इतकंच.

वाळूला फोन करून सांगितलं, सोवळं घडी घालून ठेव. तो म्हणाला, वा दादा! आवाजात कुठेही वाईट वाटलेलं नव्हतं. फार खोल माणूस आहे.

१० मे

मंडप बघून आलो. छान आहे. खिडकी नाही.

१२ मे, सकाळ

काल झालं ते क्रमाने लिहितो.

लग्न लागलं. गुरुजींनी बोलावलं. मी चालत गेलो, पाटावर बसलो, मांडी घातली. वाळू समोरच उभा होता. भाग्यश्रीचा हात माझ्या हातात, त्याखाली जावयाचा, वरून हिने पाण्याची धार धरली. सगळं माझ्या हातून झालं. आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग गुरुजी म्हणाले, आता यजमानांनी उठावं.

जोर लावला. उजवा पाय तयार होता. डावा पाय जणू आमच्या घरचा नव्हताच. पुन्हा लावला. गुरुजींना म्हणालो, तुमचं चालू द्या, होम बघायची इच्छा आहे. होम झाला, सप्तपदी झाली, मी तिथेच. लोक म्हणाले, काय बापाची श्रद्धा! पंगती बसल्या. मी म्हणालो, आज उपास. व्याही चकित झाले. हिने ओळखलं, पण माझ्या तोंडाकडे बघून पंगतीत वाढायला गेली.

मग पाठवणी. गाडी दाराशी लागली आणि सगळे तिकडे गेले. मंडपात मी, विझत आलेला होम आणि खुर्च्या गोळा करणारी माणसं. बाहेर भाग्यश्री रडताना ऐकू येत होती. मुलीला दारापर्यंत पोचवायचं, एवढं एकच काम उरलं होतं बापाला.

ती परत आत आली. शालू सावरत समोर बसली आणि पाया पडायला वाकली. माझे दोन्ही पाय मांडीखाली घट्ट. तिने इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं.

म्हणाली, अण्णा, पाय कुठेत?

मी म्हणालो, बेटा, निघत नाहीत.

ती रडता रडता हसायला लागली, मग मीही. तिने हाक मारली तसा वाळू स्टेजच्या मागून खुर्ची घेऊन आला. चार खुर्च्या होत्या तिथे, पांढरं कापड आणि झेंडूच्या माळा लावलेल्या. माळा वाळूच्याच मळ्यातल्या. दोन नवरा-नवरीच्या, दोन आम्हा दोघांच्या. व्याह्यांना विचारून, गुरुजींशी बोलून पंधरा दिवस आधी ठरवलेल्या. संजना मॅडमनी सुचवलं होतं. मी पाटाकडे निघालो तेव्हा भाग्यश्री वाळूला म्हणाली होती, खुर्च्या राहू द्या, अण्णांना पाटावर बसायचंय.

वाळूने काखेत हात घालून उचललं. खुर्चीला धरून मी उभा राहिलो तोवर गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. दारापर्यंत तिनेच मला धरून नेलं. मग ती गेली.

मांडवपरतणीला येईल तेव्हा दारात उभं राहायचं आहे.

आत्ता गुंडाळी गुडघ्याखाली ठेवली आणि दाबली. मांडी जराशी थरथरली आणि सुटली. वहीत ‘नियमित’ लिहिणार होतो. ‘एकदा’ असं लिहिलं.