फ्रिजचा प्लग

रविवार, संध्याकाळ

जुनी इलेक्ट्रिक कार घ्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी आज ती मालकाकडून मागून आलापल्लीपर्यंत नेली. निघताना पूर्ण भरलेली बॅटरी पोचलो तेव्हा अठ्ठेचाळीस टक्के. आईचं गाव सिरोंचा तिथून तितकंच पुढे, मध्ये जंगल. अठ्ठेचाळीसवर कसा पोचणार?

चहावाल्या बाईंना अडचण सांगितली. "मंग घाबरता काऊन, भाऊ? फ्रिजचा प्लग काढा, तुमचा लावा. थंडा गरम झाला तं तुम्हालेच पाजीन."

तीन तासांत सत्तर, सिरोंचापर्यंत पुरेल एवढी. बॅटरी किती वर्षं टिकेल, ठाऊक नाही. पण माझी बस चुकली म्हणून आई गेले दोन रविवार दारात बसून राहिली. अठ्ठेचाळीसची भीती त्यापेक्षा मोठी आहे का? नाही.

उद्या मालकाला होकार. आईला मात्र सांगायला हवं, जेवायला थांबू नकोस. रविवारी गाडी चार्ज होईपर्यंत मी वाटेत बाईंकडे जेवून येईन.