उजव्या बाजूचे फर्मे

मी, हिल्डा मे ट्रँटर, कै. सिरिल ट्रँटर यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, राहणार स्मॉल हीथ, बर्मिंगहॅम, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता करीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कान इतके शाबूत आहेत की जुनी जोडसिलिंडर मोटरसायकल गल्लीच्या टोकाला सुरू झाली, तरी तिच्या धुराच्या नळ्या कोणी वाकवल्या ते मी खुर्चीतून सांगते. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक मुलगी जोसलिन हिला. आमच्या कामाच्या धुराने काळी झालेली स्वयंपाकघराची भिंत तिने रंगवू नये अशी माझी इच्छा आहे. ती रंगवणार, हेही मला ठाऊक आहे.

२. शेजारी डेस्मंड पग यांना पॉलिशचा एक डबा. आमच्या कारखान्यातून नेलेल्या नव्या नळ्या निळ्या पडल्या म्हणून त्यांनी पबमध्ये माझ्या नावाने बोंब मारली. वास्तविक दोष त्यांच्या कार्ब्युरेटरचा. पेट्रोल कमी सोडले की इंजिन तापते आणि नळी निळी पडते. डबा देताना जोसलिनने हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

३. भट्टी आणि पाने-पकडी कारखान्याच्या पुढील मालकास. नळीत वाळू ठासून, ती लाल तापवून, मग फर्म्यावर, म्हणजे वळणाच्या लोखंडी साच्यावर, वाकवायची, ही आमची रीत. वाळू ओली राहिली तर नळी बंदुकीसारखी फुटते. म्हणून सिरिल आणि त्याचा धाकटा भाऊ विल्फ ती माझ्या मटणाच्या ट्रेमध्ये भाजायचे. रविवारी दाताखाली कचकच यायची आणि विल्फ म्हणायचा, "वहिनीबाईंनी मीठ जरा सढळ हातानं घातलंय!" ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते.

४. उजव्या बाजूचे सर्व फर्मे दीर विल्फ्रेड ट्रँटर यांना. याची हकीकत अशी. दोन सिलिंडरच्या दोन नळ्या पुढे जोडून एकच करावी, वजन घटते आणि इंजिन कमी वेगातच जोर धरते, असे विल्फचे मत. सिरिलला ते पाप वाटे. "दोन गळे आहेत, दोघांना गाऊ दे," तो म्हणे. अठ्ठावन्न साली भाऊ वेगळे झाले आणि रागाच्या भरात फर्म्यांची वाटणी केली: डावे विल्फला, उजवे आम्हाला. जोडी कोणापाशीच उरली नाही. गिऱ्हाईक उजवी नळी आमच्याकडून घेई आणि गल्ली ओलांडून डावी विल्फकडून. दोघे एकमेकांशी बोलत नसत, पण नळ्या केसभरही चुकत नसत. सिरिल गेल्यावर उजव्या मी वाकवल्या. त्याही जुळल्या. म्हणून आता माझ्या पश्चात फर्म्यांनी एका भिंतीवर राहावे.

५. हे कलम सह्यांपूर्वी आज जोडले आहे. कलम चार ऐकवण्यासाठी विल्फला बोलावले होते. वकीलबाई मिस स्पीक यांनी ते वाचले. विल्फने टोपी चुरगाळत विचारले,

"म्हणजे तू मेल्यावर?"

"मृत्युपत्र आहे विल्फ, वाढदिवसाचं कार्ड नाही."

"गल्ली ओलांडायला मला तीस वर्षं लागली. आता तुझ्या मरणाची वाट बघत बसू? तू काय लवकर जातेस होय! दुसरा साक्षीदार कोण आहे?"

"पाद्रीसाहेब. अजून आले नाहीत."

"दे ते पेन इकडे."

मिस स्पीक म्हणाल्या, "अहो, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीत तर फर्म्यांवर पाणी सोडावं लागेल."

"म्हणूनच करतोय, बाई. मला तिच्याकडून हवेत, तिच्या कागदाकडून नाही. हिल्डा, चहा ठेव. मी हातगाडी आणतो."

मी रडले, हे येथे नमूद करते. फर्मे आजच गल्लीपलीकडे जात आहेत आणि सोमवारपासून मीही तिकडे कामाला जाणार आहे. सबब कलम चार रद्द. भिंतीवरचे रिकामे खिळे जोसलिनला.

स्थळ: बर्मिंगहॅम. दिनांक: ७ ऑक्टोबर १९८८.

सही: हिल्डा मे ट्रँटर

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली:
ऑड्री स्पीक, वकील
विल्फ्रेड ट्रँटर, दीर. या कागदान्वये मला काहीही मिळणार नाही, हे समजून, आनंदाने.